वडिलांच्या एचएमटी जनताचा पट्टा वारंवार निसटतो: दोष पट्ट्याचा की पिनेचा?

पऱ्हाटी (तालुका घाटंजी, जिल्हा यवतमाळ)

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे वडिलांचे एचएमटी जनता हे चावीचे घड्याळ आहे. १९७८ साली लग्नात आईच्या वडिलांनी त्यांना ते दिले होते, आणि वडील गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षांपासून, ते मी वापरतो. तबकडीवर देवनागरीत ‘जनता’ असे छापलेले आहे, काच एकदा बदललेली आहे, आणि सकाळी चावी दिली की दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत ते बिनतक्रार चालते. त्यामुळे यंत्राविषयी मला काहीच विचारायचे नाही. अडचण पट्ट्याची आहे, आणि ती दिसायला क्षुल्लक असली तरी तिच्यापायी हे घड्याळ दोनदा हरवता हरवता राहिले आहे.

मागच्या हंगामात दुसऱ्या वेचणीच्या वेळी ते शेतात केव्हा पडले हे मला कळलेच नाही. संध्याकाळी कापूस मोजायला घेतला तेव्हा एका गाठोड्यात ते सापडले. पट्टा फाटलेला नव्हता आणि बकलही लागलेलेच होते. फक्त सहाच्या आकड्याकडची पिन एका बाजूने सुटली होती. त्यानंतर आठवडी बाजारातून ‘अस्सल चामड्याचा’ म्हणून पट्टा घेतला. चार महिन्यांत त्याचा पापुद्रा निघाला आणि आतून पुठ्ठा दिसू लागला. मग तालुक्याला एका मोबाइलच्या दुकानातून रबरासारखा काळा पट्टा आणला. तो घड्याळाच्या दोन कानांमध्ये (पट्टा ज्या दोन शिंगांत अडकतो त्यांना मी कान म्हणतो आहे) मावत नव्हता, तरी दुकानातल्या मुलाने कडा दाबून बसवून दिला. घरी आल्यावर लक्षात आले की बकलचा तुकडा त्याने सहाच्या बाजूला लावला आहे. पंधरा दिवसांनी विहिरीच्या काठावर पिन पुन्हा सुटली, आणि घड्याळ आत न पडता काठावर पडले हे माझे नशीब.

फोन असताना घड्याळ कशाला, असे कोणी विचारण्याआधीच सांगतो की शेतीची लाइन रात्री-बेरात्री येते, ओल्या हाताने फोन काढता येत नाही, आणि मनगटाकडे पाहायची सवय काही जात नाही. माझे विचारणे असे आहे की या घड्याळाला नेमका किती मापाचा पट्टा लागतो, पिन सुटण्याचे कारण काय असावे, आणि केसवर ओरखडे न पाडता हे काम घरच्या घरी करता येईल का. घाम, चिखल आणि फवारणी या तिन्हींत टिकेल असा पट्टा कोणता, हेही जाणकारांनी सांगावे.


बंद दुकानाचा घड्याळजी (हिंगणघाट)

भाऊ, तुम्ही दोनदा पट्टा बदलला आणि दोन्ही वेळा पिन तीच ठेवली, असे तुमच्या लिहिण्यावरून दिसते. चौतीस वर्षे मी घड्याळे उघडली, आणि हरवलेल्या घड्याळाची रड घेऊन आलेल्या दहांतल्या आठ जणांचा पट्टा शाबूत असायचा. घड्याळ मनगटावर राहते ते पिनेच्या जोरावर. तीस रुपयांची पिन वाचवून लोक तीनशेचा पट्टा घेतात, याचे मला आजही नवल वाटते.

आधी पिन म्हणजे काय ते पाहा, कारण ते समजले की बाकीचे काम आपोआप समजते. ती एक बारीक पोकळ नळी असते, तिच्या पोटात स्प्रिंग असते आणि दोन्ही टोकांना दोन बोंडे असतात. बोंड दाबले की आत जाते, सोडले की बाहेर येते आणि कानाच्या आतल्या बाजूला असलेल्या छिद्रात जाऊन बसते. आता उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर गेला की मनगटावरचा घाम पट्ट्याखाली दिवसभर मुरतो. घामातले मीठ आणि ओल नळीत शिरते, स्प्रिंग गंजते, आणि बोंड अर्धे बाहेर अर्धे आत असे अडकून राहते. वरून काहीच दिसत नाही. पिन छिद्रात केवळ टेकलेली असते, आणि वेचणीत कापसाच्या बोंडाला हात घालताना किंवा पाट मोडताना पट्ट्याला तिरका झटका बसला की ती निसटते. तुमची पिन एकाच बाजूने सुटली, त्या अर्थी त्या बाजूचे बोंड अडकलेले असणार. ती काढून चिमटीत धरा आणि नखाने दोन्ही बोंडे दाबून पाहा. चांगल्या पिनेचे बोंड नखावर उडी मारून परत येते. रेंगाळत आले, किंवा नळीच्या तोंडाशी तांबूस भुकटी दिसली, तर ती पिन कामातून गेली असे समजा. तेल घालून ती वाचवू नका, कारण त्या तेलावर धूळ बसते आणि महिनाभराने तीच गत होते.

मापाविषयी सांगायचे तर जनताच्या दोन कानांतले अंतर १८ मिलिमीटर असते. तरीही जुन्या घड्याळाची केस कोणी कधी बदलली असेल याचा नेम नसतो, म्हणून स्टीलची फूटपट्टी लावून आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत स्वतः मोजा. व्हर्निअर कॅलिपर असल्यास उत्तमच. मोबाइलच्या दुकानात जे पट्टे असतात ते बहुतेक स्मार्टवॉचचे, म्हणजे २० किंवा २२ मिलिमीटरचे असतात. तुम्हाला २० चा दिला गेला असावा. मोठा पट्टा दाबून बसवला की तो कानांना सतत बाहेर रेटतो आणि दाबलेल्या कडांमुळे पिन सरळ बसत नाही. लहान पट्टा बसवला तर तो डावी-उजवीकडे सरकत राहतो आणि पिन झिजवतो. पिनही १८ चीच मागा. दोन्ही बोंडे मोकळी असताना ती १८ पेक्षा दीड-दोन मिलिमीटर लांब भरते, म्हणून फूटपट्टी लावून ‘मोठी दिली’ असे दुकानदाराला म्हणू नका. अंगाची जाडी साधारण दीड मिलिमीटरची असावी. ही जाडी पट्ट्याच्या घडीतून सहज जाते आणि झटकाही सोसते.

आता बसवण्याचे काम. पितळी किंवा स्टीलच्या परातीत जुना टॉवेल चौपदरी घडी करून पसरा आणि घड्याळ त्यावर पालथे ठेवा. परात अशासाठी की पिन हमखास उडते, आणि परातीच्या काठावर आपटली की तिचा आवाज येतो. सारवलेल्या ओसरीत उडाली तर घरातली सगळी माणसे गुडघ्यांवर आली तरी ती सापडत नाही. कानांच्या आतल्या आणि मागच्या बाजूंना चिकटपट्टी लावा. हत्यार म्हणून दोन टोकांची एक काडी मिळते, तिचे एक टोक दुभंगलेले असते. ती न मिळाल्यास शिलाई मशीनच्या डब्यातला सर्वांत बारीक पेचकस घ्या आणि त्याच्या पात्याच्या मधोमध कानशीने छोटी खाच पाडा. माझ्या दुकानात वीस वर्षे असाच एक पेचकस होता.

पट्टा आणि कान यांच्यामधल्या फटीत ती खाच घाला. पिनेला टोकाजवळ एक काठ असतो, खाच त्या काठावर बसली की हाताला कळते. मग पिनेला आतल्या बाजूस दाबा आणि पट्टा हळूच वर उचला. वरून काच दिसत असताना हे काम कधीच करू नका, कारण पेचकस घसरला तर ओरखडा लोकांना दिसेल अशा जागी पडतो. नवा पट्टा लावताना पिन आधी पट्ट्याच्या घडीत घाला, एक बोंड एका कानाच्या छिद्रात टेकवा, दुसरे खाचेने दाबून कानाच्या आतल्या भिंतीवरून सरकवत न्या. छिद्र सापडले की बारीक ‘टक्’ असा आवाज येतो. आवाज आला नाही तर पिन बसलेली नाही. त्यानंतर पट्टा हातात धरून दोन्ही बाजूंना पिळा आणि दणकट ओढून पाहा. तुटायचे असेल ते परातीत तुटू द्या, विहिरीच्या काठावर नको.

बकलचा तुकडा बाराच्या बाजूला आणि छिद्रांचा लांब तुकडा सहाच्या बाजूला लावतात.

एक शेवटचे पाहणे राहिले. भिंगातून कानांची छिद्रे तपासा. गोल असतील तर चिंता नाही. झिजून लांबट झाली असतील, तर नवी पिनही त्यात डुगडुगेल आणि मग ते काम घरचे नाही.


शाळेची घंटा (आर्वी, जिल्हा वर्धा)

घड्याळजी काकांनी पिनेचे सांगितले ते सगळे मान्य आहे. मी मात्र वेगळ्या वाटेने जावे असे सुचवते, कारण पिन कितीही चांगली असली तरी कधीतरी ती सुटणारच, आणि सुटल्यावर घड्याळ कुठे जाते हा खरा प्रश्न आहे.

नायलॉनच्या विणीचा एक सलग पट्टा मिळतो. तो दोन तुकड्यांत नसतो. घड्याळाच्या दोन्ही पिना जागेवर बसवून ठेवायच्या आणि पट्टा वरच्या पिनेखालून घालून, घड्याळाच्या पाठीमागून नेऊन, खालच्या पिनेखालून बाहेर काढायचा. त्यामुळे एक पिन तुटली तरी घड्याळ दुसऱ्या पिनेवर पट्ट्यात अडकून राहते. ब्रिटनच्या संरक्षण खात्याने १९७३ साली सैनिकांच्या घड्याळांसाठी अशा राखाडी नायलॉन पट्ट्याचे मानक ठरवले. बाजारात त्याला नाटो पट्टा म्हणतात, जरी मूळ मानक ब्रिटिश असले तरी. माझ्या यजमानांच्या एचएमटीला चार वर्षांपासून असाच पट्टा आहे. तो मी अंगाच्या साबणाने धुते आणि तारेवर सावलीत टाकते. एकदा रहाटाच्या दोराला मनगट घासून बाराच्या बाजूची पिन खरोखरच निघाली होती, आणि घड्याळ वाकडे होऊन लोंबत राहिले, पडले नाही.

याचे तोटेही आहेत. पट्टा घड्याळाच्या पाठीखालून जात असल्याने घड्याळ मनगटापासून थोडे उंच बसते. जाड घड्याळाला ते शोभत नाही, जनता मात्र पातळ असल्याने चालून जाते. लांबी २८० मिलिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे बारीक मनगटावर शेपूट उरते आणि ते धातूच्या कडीत परत दुमडून घालावे लागते. शिवाय पट्टा बदलायला पिना काढाव्याच लागत नाहीत, म्हणून लोक पिना तपासायचेही विसरतात. दादा, तुम्ही जुन्या पिनांवर हा पट्टा घातला तर काकांचा सगळा उपदेश वाया गेला म्हणून समजा.

चामड्याच्या पट्ट्याबद्दल मला एवढेच म्हणायचे आहे की तो लग्नकार्याला आणि पोळ्याला काढावा. ज्या हाताला रोज घाम आणि पाणी लागते त्या हाताला चामडे वर्षभरही पुरत नाही. तुमच्या बाजारातल्या पट्ट्याला पुठ्ठा निघाला यात चामड्याचा दोष नाही, कारण ते चामडे नव्हतेच, ते रेक्झिन होते. खऱ्या चामड्याची कापलेली कड पाहिली तर आरपार एकसारखे तंतू दिसतात, आणि रेक्झिनच्या कडेला वर रंगाचा पातळ थर आणि खाली कापड किंवा कागद दिसतो. घेताना पट्टा उलटून त्याच्या छिद्रात डोकावून पाहिले तरी हे कळते.


बांधावरचा (तालुका दर्यापूर, जिल्हा अमरावती)

वरील दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत, पण प्रश्नातला ‘फवारणी’ हा शब्द दोघांनीही ओलांडला, म्हणून लिहितो. फवारणीत टिकेल असा पट्टा शोधू नका. फवारणीच्या वेळी घड्याळ घरी ठेवा.

चामडे असो वा नायलॉन, दोन्ही द्रव शोषतात. पंपाच्या नळीतून गळलेले औषध मनगटावरून ओघळते, पट्ट्यात मुरते आणि तो पट्टा कातडीला दिवसभर घट्ट चिकटून राहतो. मोनोक्रोटोफॉस आणि प्रोफेनोफॉस यांसारखी औषधे श्वासातून जातात तशी कातडीतूनही शरीरात जातात. २०१७ साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात कापसावरच्या फवारणीत किती जणांना विषबाधा झाली हे घाटंजीच्या माणसाला मी सांगायला नको. हात धुताना आपण पट्टा काढत नाही, आणि रात्री तोच पट्टा लेकराच्या डोक्याखाली हात ठेवताना लेकराच्या गालाला लागतो. चुकून फवारणीत घालून गेलाच असाल, तर नायलॉनचा पट्टा साबणाच्या पाण्याने दोन-तीनदा वेगळा धुवा, घरच्या कपड्यांत मिसळू नका. आणि चामड्याचा असेल तर तो फेकून द्या. धुतल्याने चामड्यातले औषध पुरते निघत नाही.

रोजच्या घामाचिखलासाठी सिलिकॉनचा पट्टा चांगला, तो घाम किंवा पाणी शोषत नाही. त्याची एकच खोड आहे की उन्हाळ्यात त्याच्याखाली घाम साचतो आणि घामोळे येते. मी तो एक घर सैल ठेवतो.


पऱ्हाटी

सर्वांचे मनापासून आभार. फवारणीचा मुद्दा वाचून मी दोन मिनिटे गप्प बसलो. काळा पट्टा घालूनच मी मागचे दोन फवारे मारले होते.

काकांनी सांगितले तसे मोजले, दोन्ही बाजूंना बरोबर १८ मिलिमीटर भरले. मोबाइलच्या दुकानातला पट्टा २० चा निघाला. सहाकडची पिन नखाने दाबली तर एक बोंड आत गेले ते बाहेरच आले नाही, आणि नळीच्या तोंडाशी तीच तांबूस भुकटी होती. बाराकडची पिन चांगली वाटली, तरी दोन्ही बदलल्या. मुलाच्या भिंगातून पाहिले तर छिद्रे गोल दिसतात, निदान मला तरी.

यवतमाळहून दीड मिलिमीटर जाडीच्या चार पिना आणि ताईंनी सांगितलेला हिरवट नायलॉनचा पट्टा मागवला. पहिली पिन बसवताना उडाली. परात होती, टॉवेल होता, पण मी घड्याळ हातात उचलून खिडकीच्या उजेडात धरले होते, त्यामुळे ती परातीबाहेर सुपात निवडायला घेतलेल्या तुरीच्या डाळीत पडली. सौभाग्यवतींनी ती डाळ पुन्हा निवडली आणि पिन सापडेपर्यंत माझ्याशी त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. दुसऱ्या खेपेला ‘टक्’ असा आवाज आला. पट्टा अजून घातलेला नाही, कारण दोन शंका उरल्या आहेत.

पहिली शंका अशी की घरात २० मिलिमीटरचा एक खराखुरा चामड्याचा पट्टा पडून आहे. त्याच्या कडा कापून तो १८ चा करता येईल का? पोळ्याला घालावा असा विचार आहे. दुसरी शंका सौभाग्यवतींच्या चेनच्या घड्याळाची. ती चेन सैल होऊन घड्याळ कोपरापर्यंत जाते. तिची एक-दोन घरे घरी काढता येतील का? आणि जाता जाता, मुलाच्या कॅसिओचा पट्टा छिद्राजवळ तुटला आहे, त्याला कोणताही १८ चा पट्टा चालेल का?


एफएक्क्याण्णव (वरूड, जिल्हा अमरावती)

कॅसिओपुरते मी सांगतो, कारण एफ-९१डब्ल्यू हे माझे शाळेपासूनचे घड्याळ आहे आणि त्याचे तीन पट्टे मी तोडले आहेत. हे मॉडेल १९८९ पासून बाजारात आहे. कॅसिओच्या रबरी पट्ट्यांची टोके सरळ नसतात, प्रत्येक मॉडेलच्या केसच्या आकाराला जुळतील अशी ती घडवलेली असतात, त्यामुळे साधा सरळ पट्टा लावला तर तो बसतो पण बाजूंना फटी दिसतात. घड्याळ उलटे करून मागच्या झाकणावर मॉडेलचे नाव आणि एका छोट्या चौकटीतला क्रमांक पाहा. माझ्या घड्याळावर तो ५९३ आहे. हे दोन्ही सांगून पट्टा मागवला की चूक होत नाही.

आणि पऱ्हाटीभाऊ, पिना उडण्याचा त्रास ज्यांना नको त्यांच्यासाठी पिनेलाच बारीक खुंटी असलेले पट्टे आता १८ च्या मापातही मिळतात. पट्ट्याच्या आतल्या बाजूने ती खुंटी नखाने सरकवली की बोंड आत जाते आणि पट्टा हाताने निघतो. पोळ्याला चामडे आणि एरवी नायलॉन असे बदलत राहायचे असेल तर हे सोयीचे आहे.


बंद दुकानाचा घड्याळजी

खुंटीच्या पिना सोयीच्या आहेत हे खरे. शेतात वापरायच्या घड्याळाला मात्र मी त्या लावणार नाही. खुंटीसाठी नळीला लांबट चीर पाडलेली असते आणि त्या चिरेतून घाम, माती दोन्ही आत शिरतात. घरातल्या कपाटात राहणाऱ्या चामड्याच्या पट्ट्याला हव्या तर लावा.

चामड्याच्या कडा कापण्याबद्दल: करता येते, पण करू नका. पट्ट्याची शिवण कडेपासून दोन-तीन मिलिमीटर आत असते. दोन्ही बाजूंनी एकेक मिलिमीटर कापले की शिवण काठावर येते आणि पहिल्याच घामात दोरा उसवतो. गावातल्या चांभारदादांकडे जा, १८ चा साधा पट्टा ते स्वतः शिवून देतील आणि छिद्रे आरीने मनगटाच्या मापाने पाडून देतील. माझ्या दुकानातले निम्मे चामड्याचे पट्टे असेच बनलेले होते, आणि ते बाजारातल्या पट्ट्यांपेक्षा दुप्पट टिकत.

ताईंच्या घड्याळाची चेन. तिची घरे उलटी करून पाहा. काही घरांच्या आतल्या बाजूला बारीक बाण कोरलेले असतील. पिन बाणाच्या दिशेने ठोकून बाहेर काढायची आणि बसवताना बाणाच्या उलट दिशेने आत घालायची. लोक घाईत बाण न पाहता ठोकतात आणि पिनेचे फुगलेले टोक घरात अडकवून बसतात, मग ते काम दुप्पट होते. घरे काढण्याआधी कुलपाच्या (चेन जिथे उघडते-मिटते त्या भागाच्या) कडेला दोन-तीन बारीक छिद्रे आहेत का ते पाहा. तिथल्या पिनेचे घर बदलले तरी चार-पाच मिलिमीटर कमी होतात, आणि पुष्कळदा तेवढे पुरते. घरे काढायचीच झाली तर कुलपाच्या दोन्ही बाजूंनी सारखी काढा. विषम काढावी लागली तर सहाच्या बाजूने एक जास्त काढा. सगळे एका बाजूने काढले तर कुलूप मनगटाच्या मधोमध न बसता हाडावर येते. माप मात्र दुपारी घ्या. उन्हाळ्यात दुपारी मनगट सुजल्यासारखे होते, आणि सकाळी बेताने बसवलेली चेन दुपारी कातडीत रुतते. करंगळी जाईल एवढी जागा ठेवा.

चेनची पिन ठोकायला घरातली हातोडी वापरू नका. ती जड असते, आणि बाण जिकडे दाखवतो तिकडे पिन न जाता घरच वाकते.


पऱ्हाटी

काका, चेन उलटी करून पाहिली. बाण आहेत, पण कुलपाजवळचे एक घर आधीच कोणीतरी वाकवलेले दिसते, पिन अर्धी बाहेर आणि अर्धी आत अशी अडकून आहे. ती मी हात न लावता तशीच ठेवली. पुढच्या आठवड्यात सरकीच्या कामासाठी हिंगणघाटला येणार आहे, तेव्हा आपल्याकडे आणली तर चालेल का? आपले दुकान बंद असल्याचे नावावरूनच दिसते, म्हणून विचारतो.

जनताला नायलॉनचा पट्टा आज सकाळी घातला. ओढून पाहिला, पिळून पाहिला. चावी देताना मात्र घड्याळ मनगटावरून काढावे लागते, कारण पट्ट्याच्या कडीत चावी अडकते. एवढीच तक्रार आहे.


बंद दुकानाचा घड्याळजी

ती तक्रार नव्हे, भाऊ. चावी नेहमी घड्याळ काढूनच द्यावी. मनगटावर असताना चावी फिरवली की तिच्या दांड्यावर तिरका जोर पडतो आणि तो दांडा झिजतो. पट्टा आणि पिन कुठेही मिळेल, पण एचएमटीच्या दांड्याचे तसे राहिलेले नाही. बंगळूरचा जो कारखाना १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने सुरू झाला होता, त्याच्या घड्याळांचा व्यवसाय २०१६ साली केंद्र सरकारने बंद करायचे ठरवले, आणि आता आम्ही सुटे भाग जुन्या घड्याळांतून काढून वापरतो.

चेन घेऊन या. दुकान बंद असले तरी टेबल आणि भिंग घरी आहे. येताना सहाकडची ती गंजलेली पिनही आणा, फेकून दिली नसेल तर. तिचे बोंड नव्या पिनेच्या बोंडाशेजारी ठेवून भिंगाखाली पाहायचे आहे. जुन्या केसचे छिद्र कधी कधी बारीक असते, आणि नवे बोंड त्यात पुरते शिरले की नुसते टेकले हे ‘टक्’ आवाजावरून दर वेळी कळतेच असे नाही. तोवर विहिरीवर जाताना घड्याळ खिशात ठेवा.